गाडीमागे ट्रेलर जोडला की वजन नेमकं जातं कुठे? बैलबंडीच्या हिशोबाने समजून घ्या ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’

बैलबंडीत मागच्या बाजूला जास्त माल भरला की काय होतं, हे विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा. बंडी ‘उलार’ होते. मागची बाजू खाली बसते, पुढची दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. मग धुरकरी पुढे सरकून बसतो किंवा दोन पोती मागून पुढे घेतो. उलट सगळा माल पुढेच भरला, तर ओझं बैलांच्या मानेवर येतं आणि बैल लवकर दमतात.

म्हणून जाणता धुरकरी बंडी भरताना एकच गोष्ट बघतो. भार चाकांच्या आखावर यायला हवा, आणि थोडासाच पुढे झुकायला हवा.

आता बैलांच्या जागी एसयूव्ही आणि बंडीच्या जागी झोपायची सोय असलेला कॅरॅव्हॅन ट्रेलर ठेवा. हिशोब तोच राहतो. फरक एवढाच, की बैल ओझं वाढल्याचं लगेच दाखवतात. गाडी मात्र ते ताशी ८० किलोमीटरच्या वेगात, वळणावर किंवा ब्रेक मारताना दाखवते.

अमेरिकेत लाखो कुटुंबं असे ट्रेलर गाडीमागे जोडून फिरतात. वजनाचा हा प्रश्न सोडवण्यासाठी तिकडे ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’ नावाची जोडणी वापरतात. सोशल मीडियावर तिचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही अनेक जण विचारतात की ही लावली तर जास्त वजन ओढता येईल का? उत्तर आहे, नाही. ही जोडणी वजन कमी करत नाही, फक्त वाटून देते. ते कसं, हे नीट बघू.

आपल्याकडे हा विषय आला कुठून?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंतचा पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. नागपूरकरांसाठी पेंच, ताडोबा, चिखलदरा ही तर नेहमीचीच ठिकाणं. साहजिकच ‘घर सोबत घेऊन फिरायचं’ ही कल्पना अनेकांना खुणावते आहे.

आपल्याकडच्या बहुतेक कॅरॅव्हॅन म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवरच बांधलेलं घर असतं. त्यात जोडणीचा प्रश्नच येत नाही. पण कारमागे ओढायचे ट्रेलरही आता दिसू लागले आहेत. आणि ट्रॅक्टरमागची ट्रॉली तर गावोगाव आहेच. कापूस, सोयाबीन, संत्री, सगळं तिच्यातूनच जातं. त्यामुळे जोडणीवर पडणाऱ्या वजनाचा हिशोब हा फक्त हौशी पर्यटकांचा विषय नाही.

दांडीवरचं वजन म्हणजे काय?

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला त्रिकोणी दांडी असते. तिच्या टोकावरची वाटी गाडीच्या मागच्या लोखंडी बॉलवर बसते. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण थोडं वजन या दांडीतून गाडीच्या बॉलवर पडतं. यालाच आपण दांडीवरचं वजन म्हणू.

हे वजन शून्य असून चालत नाही. ते फार कमी असेल किंवा उलट वर उचलत असेल, तर ट्रेलर उलार आहे असं समजा. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो. म्हणून अमेरिकेत अशा ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन दांडीवर ठेवायला सांगतात. युरोपातले कॅरॅव्हॅन हलके आणि तिथले वेगही कमी, म्हणून तिकडे हे प्रमाण बरंच कमी, साधारण ५ ते ७ टक्के असतं.

म्हणजे पेच असा, की दांडीवर वजन कमी ठेवलं तर ट्रेलर हलतो आणि पुरेसं ठेवलं तर ते गाडीच्या मागच्या टोकाला लटकतं.

गाडीचं पुढचं चाक हलकं का होतं?

गाडीचा बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्यामुळे तिथे पडलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागची चाकं हा टेकू, बॉल हे खाली दाबलेलं टोक आणि पुढची चाकं हे वर उचललं जाणारं टोक. सी-सॉवर एका बाजूला मोठं पोर बसलं की दुसरी बाजू वर जाते, अगदी तसंच.

एक उदाहरण घेऊ. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७५ मीटर आहे. इनोव्हा क्रिस्टाचं साधारण एवढंच आहे. बॉल मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आहे. ट्रेलर १,२०० किलोचा आणि दांडीवर १५० किलो.

• पुढच्या चाकांवरून कमी झालेलं वजन: १५० गुणिले १.२ भागिले २.७५, म्हणजे सुमारे ६५ किलो.
• मागच्या चाकांवर वाढलेलं वजन: १५० अधिक ६५, म्हणजे सुमारे २१५ किलो.

दांडीवर १५० किलो ठेवले, पण मागच्या चाकांवर २१५ किलो चढले. वरचे ६५ किलो पुढच्या चाकांकडून आले. गाडी मागे बसते, नाक वर करते. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंग हलकं वाटतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते. आणि गाडी वळवण्याचं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचीच चाकं करत असतात. ओल्या रस्त्यावर ही कमतरता जास्त जाणवते. त्यात डिकीत सामान आणि मागच्या सीटवर माणसं असली, तर मागचे टायर आणि मागचा एक्सल त्यांच्या मर्यादेच्या पुढे जाऊ शकतात.

मग ही खास हिच करते काय?

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमध्ये नेहमीचा बॉल असतोच. त्याशिवाय बॉलच्या खालच्या डोक्यातून दोन जाड पोलादी स्प्रिंग बार मागे निघतात आणि ट्रेलरच्या दांडीच्या दोन बाजूंनी जातात. त्यांची मागची टोकं साखळीने किंवा ब्रॅकेटने दांडीकडे वर खेचून अडकवतात. बार ताणाखाली थोडे वाकतात आणि सरळ व्हायला बघतात. हा ताण जोडणीच्या सांध्याला पीळ देतो.

सोप्या शब्दांत सांगायचं तर हातगाडीचे दोन दांडे मागून धरून वर उचलल्यासारखं हे आहे. बार गाडीच्या मागच्या टोकाला वर उचलतात. त्यामुळे गाडीचं नाक खाली येतं, पुढच्या चाकांवर वजन परत जातं, आणि थोडं वजन मागे ट्रेलरच्या चाकांवरही जातं.

वरच्याच उदाहरणात बॉलपासून ट्रेलरचा एक्सल ४ मीटरवर आहे असं धरा. बार इतके ताणले की पुढच्या चाकांचं वजन पूर्ण परत आलं, तर वाटणी अशी होते:

• पुढची चाकं: मूळ वजनाइतकीच.
• मागची चाकं: २१५ ऐवजी सुमारे ११५ किलोच जास्त.
• ट्रेलरची चाकं: सुमारे ३५ किलो जास्त.

बेरीज करून बघा. ११५ आणि ३५ मिळून १५०. एक किलोही गायब झालेला नाही. ट्रेलर तेवढाच जड आहे, गाडीचं इंजिन तेच आहे, ब्रेक तेच आहेत. बदलली ती फक्त वाटणी.

‘हिच लावली, आता दोन टन ओढू’ हा गैरसमज

गाडीची ओढण्याची क्षमता इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चेसिस, टायर आणि कूलिंग या सगळ्यांवर ठरते. ती कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. काही हिचवर दोन आकडे छापलेले असतात: एक साध्या जोडणीसाठी आणि दुसरा, जास्त असलेला, वजन वाटणाऱ्या जोडणीसाठी. पण तो आकडा त्या हिचचा असतो. गाडी, हिच, बॉल आणि ट्रेलर या सगळ्यांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच तुमची मर्यादा.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कारच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर कुठलीही हिच लावून उपयोग नाही. बार जो पीळ देतात तो शेवटी गाडीच्या चेसिसलाच सोसावा लागतो. बंपरला वेल्डिंग करून लावलेली जोडणी हा पीळ सहन करण्यासाठी नसते. युरोपीय पद्धतीच्या हलक्या ट्रेलरच्या दांड्याही या बारांसाठी बनवलेल्या नसतात. म्हणून गाडी बनवणारा आणि ट्रेलर बनवणारा, दोघांची परवानगी असेल तरच ही जोडणी वापरायची.

बसवताना कसं मोजायचं?

यासाठी महागडं यंत्र लागत नाही, मोजपट्टी पुरते. गाडी आणि ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसे भरा, सपाट जमिनीवर उभे करा आणि टायरची हवा आधी तपासा.

१. ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकाच्या मधून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा.

२. ट्रेलर जोडा, पण बार लावू नका. परत मोजा. उंची वाढलेली दिसेल. समजा ४ सेंटीमीटर वाढली.

३. आता बार लावा आणि पुन्हा मोजा. वाढलेल्या उंचीपैकी किती परत यायला हवी, हे गाडीचं मॅन्युअल सांगतं. काही कंपन्या निम्मी सांगतात, काही जवळपास पूर्ण.

४. कमी-जास्त करायचं असेल तर साखळीची कडी बदलतात, ब्रॅकेटची उंची बदलतात किंवा हिचच्या डोक्याचा कोन बदलतात.

पुढची उंची मूळ मापापेक्षाही खाली जाऊ देऊ नका. बार फार ताणले तर मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडीची मागची बाजू घसरू शकते. हा धोका पुढची चाकं हलकी होण्याइतकाच गंभीर आहे.

खात्री करायची असेल तर धर्मकाट्यावर जा. आधी फक्त गाडीची पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. हेच ट्रेलर जोडून बारांशिवाय आणि बारांसह करा. ट्रकचे काटे लहान फरक फार बारकाईने दाखवत नाहीत, तरी वाटणीचा अंदाज येतो.

एक सूचना हात सांभाळण्यासाठी. ताणलेल्या बारमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते. बार अडकवताना आणि काढताना आधी दांडीच्या जॅकने जोडणी वर उचला म्हणजे ताण कमी होतो, आणि चेहरा व हात बारच्या वाटेत ठेवू नका.

सामान कुठे ठेवलं, यावर अर्धं काम

कितीही चांगली हिच लावली तरी चुकीचं भरलेलं सामान ती दुरुस्त करू शकत नाही. ४० किलो पाणी, म्हणजे २० लिटरचे दोन जार, ट्रेलरच्या एक्सलच्या एक मीटर पुढून उचलून दोन मीटर मागे ठेवले, तर आपल्या उदाहरणात दांडीवरचं वजन सुमारे ३० किलोने घटतं. १५० चे १२० झाले. एक्सलच्या मागे पाण्याची टाकी असेल तर ती भरलेली की रिकामी, यावरही ट्रेलरचं वागणं बदलतं.

म्हणून जड वस्तू खाली, एक्सलच्या जवळ आणि किंचित पुढे. हलक्या वस्तू वर आणि मागे. सायकली, जनरेटर मागच्या बाहेरच्या स्टँडवर लटकवणं टाळा. धुरकऱ्याचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

ट्रेलर हलायला लागला तर?

बाजूने मोठा ट्रक गेला, वारा आला किंवा उतारावर वेग वाढला की ट्रेलर झुलायला लागू शकतो. त्या क्षणी चालकाला दोन गोष्टी कराव्याशा वाटतात: जोरात ब्रेक मारणं किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवून ट्रेलर सरळ करणं. दोन्हींनी झोल वाढतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हा सल्लाही ऐकू नका.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, वेग आपोआप कमी होऊ द्या. ट्रेलरला वेगळे ब्रेक असतील आणि ते हाताने लावायची सोय असेल, तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. त्याने ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. मग सुरक्षित जागी थांबून आधी सामानाची मांडणी तपासा.

समृद्धीवर कारसाठी १२० ची मर्यादा आहे म्हणून ट्रेलरसह १२० ने जायचं नसतं. वेग ८० वरून १०० केला तरी थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, कारण तिथे ट्रेलर गाडीला मागून ढकलत असतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काय?

ट्रॅक्टरला अशी स्प्रिंग बारची जोडणी लावत नाहीत, पण तरफ तीच आहे. दोन चाकी ट्रॉली दांडीतून ट्रॅक्टरवर बरंच वजन टाकते. मागच्या मोठ्या चाकांवर भार आला की पकड वाढते, हा फायदा. पण पुढची चाकं हलकी होतात, हा तोटा. चढावर ती उचललीच गेली तर स्टिअरिंग फिरवून काही होत नाही आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

त्यावर उपाय म्हणजे ट्रॅक्टरच्या नाकावर लावायची लोखंडी वजनं. ट्रॉली नेहमी खालच्या, कंपनीने दिलेल्या हूकलाच जोडायची. मागच्या एक्सलपेक्षा उंच जागी साखळी किंवा दांडी बांधून ओढलं, तर ओढीचा जोरच ट्रॅक्टरला मागे पालथा घालतो. चार चाकी ट्रॉलीत पुढचं वजन तिच्याच पुढच्या चाकांवर जातं, त्यामुळे ट्रॅक्टरवर दाब कमी येतो. पण ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते, ते दोन्ही प्रकारांत सारखंच. आणि ट्रॉली मालासाठी आहे. वऱ्हाडी मंडळींसाठी नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा नंबर त्याच्या बाजूला लिहावा लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसायला हवा. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत. तेव्हा हिच बसवण्याआधी तुमच्या आरटीओत विचारा, मग नागपुरात गाडी एमएच ३१ ची असो, ४९ ची की ४० ची. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

निघण्याआधी एवढं बघा

• वाटी बॉलवर पूर्ण बसली आहे, लॉक आणि पिन लागली आहे.
• सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या आहेत. दांडी सुटली तरी ती रस्त्यावर आपटत नाही.
• ट्रेलरचे दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट चालू आहेत.
• गाडी आणि ट्रेलर दोन्हींच्या टायरची हवा, ट्रेलरच्या जुन्या टायरच्या भेगा.
• ट्रेलर समतल किंवा किंचित पुढे झुकलेला आहे, मागे नाही.
• खोल नाला किंवा खडबडीत कच्चा रस्ता ओलांडायचा असेल तर बार सैल करायचे का, हे हिचच्या मॅन्युअलमध्ये बघितलं आहे.
• दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून बोल्ट, साखळ्या आणि बार पुन्हा हाताने तपासायचे आहेत.

यातलं एकही काम दहा मिनिटांच्या वर जात नाही. तुमच्या ओळखीत कुणी ट्रेलर घ्यायचा विचार करत असेल, किंवा घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर हा लेख त्यांना जरूर पाठवा.